कोल्हापुरात कधी जेवायचं ते आधी ठरवा

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. १९९३ साली लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले आणि तेव्हापासून घरीच ब्लाउज शिवते. माहेरची माणसं वर्षातनं एकदा तरी येतात. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, कधी काकीकडची मंडळी. त्यांना फिरवायचं, जेवायला घालायचं, बाजार करून द्यायचा, हे सगळं माझ्याकडे. पाहुण्यांबरोबर हे शहर मी इतक्यांदा बघितलंय की कुठे किती वाजता पोचायचं आणि किती वाजल्यानंतर तिकडे फिरकायचं नाही, हे मला पाठ झालंय. म्हणून लिहायला बसले.

दादा पहिल्यांदा सगळ्यांना घेऊन आला तो शनिवार होता. पहाटे निघून आंबोलीचा घाट चढून आजऱ्यामार्गे अकराच्या सुमारास पोचले. थेट अंबाबाईच्या रांगेत उभे राहिले ते दीड वाजता बाहेर आले. मग मिसळ खायची म्हणून गेलो, तर मिसळ संपलेली. मंडळींना रात्री परत जायचं होतं, म्हणून हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात चार वाजता जेवायला बसलो. तांबडा रस्सा म्हणून जे आलं तो लाल रंग घातलेला खारट पाणचट प्रकार होता आणि पांढऱ्यात कॉर्नफ्लॉवर होतं. दादा शांतपणे जेवला आणि गाडीत बसताना म्हणाला, "ह्याच काय गे तुमचा कोल्हापूर?" त्या वाक्यानं मला रात्रभर झोप आली नाही. चूक त्याची नव्हती. आम्ही प्रत्येक गोष्ट तिची वेळ टळल्यावर करत होतो.

तर पहिली गोष्ट, एका दिवसात येऊन जाऊ नका. दोन रात्री राहा. देवळाजवळ खोली घेतली तर पहाटे चालत दर्शनाला जाता येतं, पण त्या गल्ल्यांतनं गाडी लावायला जागा मिळत नाही. गाडी घेऊन येणाऱ्यांनी ताराबाई पार्कात किंवा स्टेशनच्या बाजूला उतरावं आणि शहरात रिक्षानं फिरावं. इथले रिक्षावाले आपली रिक्षा घरच्या लेकीसारखी नटवतात आणि रस्ता विचारला तर गाडी थांबवून सांगतात.

देवळात सकाळी सहाला जा. त्या वेळी आवारात उजेड नुकता उतरत असतो, फुलवाल्या पाट्या मांडत असतात आणि काळ्या दगडाच्या भिंतींवरचं कोरीवकाम नीट बघता येतं. दहानंतर नुसती माणसांची पाठ दिसते. मंदिराचा मूळ भाग चालुक्यांच्या काळातला, सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. पुढे शिलाहार आणि यादवांनी त्यात भर घातली. मोगलाईच्या धामधुमीत मूर्ती लपवून ठेवली होती, ती १७१५ च्या विजयादशमीला पुन्हा बसवली. अंबाबाईच्या एका बाजूला महाकाली आणि दुसऱ्या बाजूला महासरस्वती आहे. पाहुणे घाईत ह्या दोघींना चुकवतात. चुकवू नका.

पण ह्या देवळाची खरी वेळ संध्याकाळची आहे आणि ती वर्षातनं मोजक्याच दिवशी येते. देवीचं तोंड पश्चिमेला आहे. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातनं सरळ आत शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. मी एकदा नोव्हेंबरातल्या दुसऱ्या दिवशी गरुड मंडपात उभी होते. पावणेसहाची वेळ जवळ येत होती. आतले दिवे मालवले आणि एवढी गर्दी असून आवाज एकदम बसला. किरणांची पट्टी आमच्या पायांजवळनं पुढे सरकली. कासव चौक ओलांडला, पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा, मग कटांजन. माझ्या शेजारच्या म्हातारबाई प्रत्येक टप्प्याला "आली, आली" म्हणत होत्या. किरणं चरणांवर गेली, गुडघ्यांवर, कमरेवर चढली आणि छातीशी क्षणभर थांबून विरून गेली. चरणांपासून छातीपर्यंत दोन-चार मिनिटांचा मामला. लगेच घंटा वाजायला लागल्या. ढग आले, हवेत धूळ असली तर किरणं पोचत नाहीत, पण त्या दिवशी पोचली. तुम्हाला तारीख निवडता येत असेल तर ह्याच तारखा निवडा आणि चारपासूनच जागा धरून उभे राहा.

सकाळचं दर्शन झालं की साडेआठला मिसळ. उद्यमनगरातल्या फडतऱ्यांकडे जा, खासबागेला जा, कसबा बावड्याला जाऊन बावडा मिसळ खा. कुठली भारी ह्यावर आमच्या घरातच तीन मतं आहेत. मी फडतऱ्यांच्या बाजूची, आमचे हे बावड्याच्या आणि मुलगा खासबागेच्या. मात्र वेळ तिघांचीही एकच, सकाळची. दुपार व्हायला लागली की कटाचं, म्हणजे मिसळीच्या रश्श्याचं, पातेलं तळाला जातं. वर तरंगणारा तवंग आणि खालचा दाट भाग ह्यांचा मेळ सकाळीच जमलेला असतो.

कोल्हापुरी मिसळीबरोबर गोल पाव मागू नका. इथे स्लाइसचा ब्रेड येतो आणि तोच बरोबर आहे, कारण तो कट टिपून घेतो. कट संपला की पोरगा किटली घेऊन फिरत असतो, त्याला नुसतं "कट" म्हणायचं. आमच्या वहिनीनं पहिला घास घाबरत घाबरत घेतला होता. दादा मात्र दुसऱ्या घासालाच म्हणाला, "ह्यो नुसतो रंगच आसा, तिखट खंय आसा?"

त्याचं बरोबर होतं, आणि कोल्हापूरच्या जेवणाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. कोल्हापुरी म्हणजे जाळ, असं बाहेर सगळ्यांना वाटतं. परगावच्या हॉटेलांत "व्हेज कोल्हापुरी" नावाचं जे लालभडक देतात ते आमच्या पेठेत कुणी ओळखायचंही नाही. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. त्या दर एप्रिलला वर्षाची चटणी करायच्या. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. दोन्हींचं प्रमाण त्या हातानंच ठरवायच्या. मिरच्यांची देठं काढून चार दिवस पत्र्यावर वाळवायच्या. सुकं खोबरं, तीळ, धने, खडा मसाला वेगवेगळं भाजायच्या. कांदा उभा चिरून तेलात तपकिरी होईपर्यंत परतायच्या. मग सगळं घेऊन डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, जायचं आणि समोर उभं राहून कुटून आणायचं. लसूण शेवटच्या फेरीला. घरी आल्यावर तीन दिवस नाक चुरचुरायचं. ती चटणी जिभेला आधी गोडसर लागते, मग भाजल्या कांद्याची चव येते आणि तिखट सगळ्यात शेवटी, घशाच्या वरच्या बाजूला. मी माहेरी तिरफळ आणि ओल्या नारळावर वाढलेली. मला पहिली दोन वर्षं हे जेवण कोरडं वाटायचं. तिसऱ्या वर्षी आत्यांनी चटणी मला करायला लावली आणि मग ते समजलं.

आता दुपारचं जेवण. वार बघा. आमच्याकडे घरोघरी मटण बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. त्या दिवशी बाजारात मटण ताजं कापलेलं असतं आणि खानावळीत गर्दी कोल्हापूरकरांची असते. लक्ष्मीपुरीतलं पद्मा आणि पुणे-बंगळूर रस्त्याकडचं ओपल ही नावं सगळ्यांना माहीत आहेत आणि नाव राखून आहेत. पहिल्यांदा येणाऱ्यानं तिथे जावं. दुसऱ्यांदा येणाऱ्यानं मात्र एखाद्या पेठेत विचारत विचारत जावं आणि आठ-दहा टेबलांच्या खानावळीत बसावं. वेळ साडेबारा ते दोन. त्यानंतर रस्सा पुन्हा पुन्हा तापवलेला असतो आणि पाणी वाढवलेलं असतं.

ताटात काय येतं ते सांगते. सुकं मटण, एका वाटीत तांबडा, एका वाटीत पांढरा, चपाती नाहीतर ज्वारीची भाकरी, दह्यातला कांदा, लिंबाची फोड, मागनं भात. काही ठिकाणी खिमा किंवा मटणाचं लोणचंही देतात. लोणचं मिळालं तर नक्की घ्या, ते सगळीकडे मिळत नाही. रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायचा असतो. चमच्यानं चाखत बसला तर वाढणारा विचारतो, "पावणं, आवडलं न्हाई व्हय?"

पांढरा रस्सा ओळखायची आत्यांची एक परीक्षा होती, ती मी सगळ्या पाहुण्यांना शिकवते. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवतात. त्या पाण्याला अळणी म्हणतात. त्याच अळणीत नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू वाटून घातलं आणि वरनं खड्या मसाल्याची फोडणी दिली की पांढरा होतो. अळणी खऱ्या हाडांची असेल तर रस्सा पिऊन झाल्यावर ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. पीठ लावून दाट केलेला असेल तर चिकटत नाहीत, आणि वाटीतला थंड झाला की त्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो. हायवेवरच्या त्या हॉटेलात पापुद्रा आला होता. पहिल्या घोटाला जीभ फसते, ओठ फसत नाहीत.

शाकाहारी मंडळींनी नाराज होऊ नये. अख्खा मसूर आणि भाकरी मागा, झुणका आणि खर्डा मागा. आमच्या वहिनीचा गुरुवार असतो, त्या दिवशी ती अख्खा मसूरच खाते आणि आमच्या मटणाकडे ढुंकूनही बघत नाही.

जेवून सुस्ती येते तेव्हा लोक न्यू पॅलेसला जातात. १८७७ ते १८८४ मध्ये मेजर मँट यांच्या आराखड्यावर बांधलेला, काळ्या दगडाचा, मनोऱ्यावर घड्याळ असलेला. आतलं संग्रहालय बघण्यासारखं आहे आणि मुलांना तिथली शस्त्रं आवडतात. एक तास पुरतो.

मी मात्र दुपारी पाहुण्यांना टाउन हॉलच्या संग्रहालयात नेते. सीपीआर दवाखान्यासमोर झाडांच्या गर्दीत ही इमारत आहे, १८७० च्या दशकातली, उतरत्या छपरांची. सोमवारी बंद असते. कोल्हापूरला येणाऱ्या शंभरातले पाच-दहासुद्धा इथे येत नसतील, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ह्या शहरातली मला सगळ्यात प्रिय वस्तू इथे आहे.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४० च्या दशकात तिथे उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. त्यात रोमन बनावटीच्या कांस्याच्या वस्तू होत्या, आणि त्यांत समुद्राच्या देवाची एक मूर्ती, पोसायडनची. वीतभरसुद्धा उंच नाही. लग्नानंतर मला ह्या गावात समुद्राची फार आठवण यायची. रात्री लाटांचा आवाज नाही म्हणून झोप लागायची नाही. रंकाळ्यावर जाऊन बसायचे, पण तळ्याच्या पाण्याला भरती-ओहोटी नसते. अशात एकदा मुलाच्या शाळेच्या सहलीबरोबर टाउन हॉलला गेले आणि काचेमागे हा एवढासा देव उभा. मास्तर मुलांना सांगत होते की हा रोमच्या व्यापाराबरोबर आला, जहाजातनं पश्चिम किनाऱ्याच्या बंदरावर आणि तिथनं घाट चढून इथे. मी मुलांच्या मागे उभी राहून ऐकत होते आणि माझे डोळे भरून आले. दर्यावरनं घाट चढून कोल्हापुरात आलेलं माझ्याआधी कुणीतरी होतं.

दादाला नेलं तेव्हा तो काचेला नाक लावून बराच वेळ उभा होता. आमच्या वेंगुर्ल्यात डचांची पडकी वखार आहे, लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. परदेशी जहाजं म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नाही. "ह्यो हंय कसो पोचलो?" एवढंच तो म्हणाला. मग दालनातली मातीची भांडी, मणी, नाणी एकेक करून बघत फिरला. तास-दीड तास द्या. मुलांना घाई करू नका.

चार वाजता चपला. भवानी मंडपाजवळ चप्पल लाईन आहे, पण इथे डोळे उघडे ठेवून जा. मागच्या खेपेला वहिनीनं माझ्याशिवाय जाऊन एका दुकानातनं चपला घेतल्या. वेंगुर्ल्याच्या पहिल्याच पावसात तळ फुगला आणि आतनं पुठ्ठा निघाला. मी शिवणकाम करणारी, म्हणून मी आधी टाका बघते. खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात आणि टाके हाताचे असल्यामुळे सगळे हुबेहूब सारखे नसतात, एखादा तिरपा असतोच. चप्पल कडेनं बघायची, थर मोजायचे, आणि वाकवून बघायची. कातडी असेल तर कुरकुरते आणि परत सरळ होते, पुठ्ठा असेल तर घडी पडते. वास घ्यायचा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याला उग्र, ओल्या लाकडासारखा वास असतो. रसायनाचा वास आला तर ठेवून द्यायची. प्रकारांत कापशी घ्या, कुरुंदवाडी घ्या, नाहीतर करकर वाजणारी घ्या. नवीन चप्पल चावते, म्हणून आठ दिवस रात्री तेल लावून ठेवायची.

ह्या चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये इटलीच्या एका बड्या ब्रँडनं तशीच चप्पल रॅम्पवर आणली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आमच्या गल्लीत सगळे तावातावानं बोलत होते. मला त्या वेळी इथले कारागीर डोळ्यासमोर आले. एका जोडामागे किती हात लागतात ते बघायचं असेल तर दुकानदाराला विचारा, काम चालू असेल तर तो दाखवतो. भावात घासाघीस करताना तेवढं लक्षात ठेवा.

संध्याकाळ. सहा-साडेसहाला गंगावेशेत दूधकट्ट्यावर जायचं. गवळी म्हशी घेऊन आलेले असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. ग्लास हातात धरला की कोमट लागतो, म्हशीच्या अंगाची ऊब असते त्याला. तालमीतली पोरं, दुकान बंद करून आलेले व्यापारी, लहान मुलांना घेऊन आलेले आजोबा, सगळे एका रांगेत उभे राहून पितात आणि मिशीवरचा फेस पुसतात. माझा धाकटा भाचा आधी तोंड वाकडं करत होता. म्हशीच्या कासेतनं दूध थेट भांड्यात येतंय हे त्यानं पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानंच आठवण करून दिली. हवं असेल तर दूध तापवून प्या, पण कट्टा बघा.

तिथनं रंकाळा जवळ आहे. सूर्य मावळताना शालिनी पॅलेसच्या बाजूला उभं राहायचं, गार वारं घ्यायचं, भाजलेलं कणीस खायचं. सुट्टीच्या दिवशी फार गर्दी होते.

रात्रीचं हलकं खायचं ते खासबागेत. आमच्या घरापासून हे पाच मिनिटांवर. राजाभाऊंची भेळ तिथलीच. चुरमुरे कुरकुरीत असतानाच उभ्या उभ्या खायची, पार्सल नेली तर मऊ पडते. भेळेच्या नादात मैदान बघायचं राहू नये. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते, त्या प्रवासात रोमचं जुनं आखाड्याचं मैदान बघून त्यांनी हे बांधायचं ठरवलं असं सांगतात. १९१२ मध्ये ते तयार झालं. बसायला चढत्या पायऱ्या आणि मधोमध तांबड्या मातीचा हौदा, कुठनंही कुस्ती दिसते. दुपारी रोमचा देव बघितलेला असतो आणि रात्री रोमवरनं सुचलेलं मैदान. पाहुण्यांना हे जोडून सांगताना मला फार आनंद होतो.

मैदानाला लागूनच १९१५ मध्ये महाराजांनीच बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं तेव्हा आम्ही सगळे गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. आभाळ लाल झालं होतं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या नाट्यगृहात मी पहिलं नाटक आत्यांबरोबर बघितलं होतं, त्यांनी मला नवी साडी नेसायला लावली होती. पेठेतली मोठी माणसं त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडत होती. पाहुणे विचारतात, जळकं नाट्यगृह काय बघायचं? मी त्यांना तरी तिथे नेते.

दुसरा दिवस बाहेरचा ठेवा. पन्हाळा की खिद्रापूर, एकच निवडा. पन्हाळा वीस किलोमीटरवर, २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज इथेच अडकले आणि पावसाळी रात्री इथनंच विशाळगडाकडे निघाले. सकाळी लवकर जा, अंबरखाना, अंधारबाव, सज्जाकोठी, तीन दरवाजा पायी बघा आणि तीन दरवाज्याजवळ मावशींकडे झुणका-भाकरी खा. बाराच्या आत खाली उतरा. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिथे गाड्यांची रांग लागते.

दोन्हींतलं मला विचाराल तर खिद्रापूर. साठेक किलोमीटर आहे, रस्ता उसाच्या फडांतनं जातो. कृष्णेच्या काठी शिलाहारांनी बांधलेलं बाराव्या शतकातलं कोपेश्वराचं देऊळ. पुढे स्वर्गमंडप आहे, अठ्ठेचाळीस खांबांचा, आणि मध्यभागी छताला मोठं गोल भोक, वर मोकळं आकाश. बरोबर त्याच्याखाली जमिनीवर गोल शिळा. भर दुपारी ऊन वरनं सरळ येतं आणि खांबांच्या सावल्या आखडतात, म्हणून तिथे बाराच्या सुमाराला पोचा. बाहेरच्या भिंतीवर तळाशी हत्तींची रांग आहे. माझ्या भाच्यांनी ते सगळे मोजायला घेतले आणि भांडण होऊन दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. येताना नरसोबावाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं दर्शन, आणि मग बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी. वाडीची वांगी मिळाली तर दोन किलो घ्या, तसं वांगं दुसरीकडे मिळत नाही.

दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत आलात तर परतताना गुऱ्हाळावर थांबा. रस्त्याच्या कडेला चिमणीतनं धूर दिसला की आत वळायचं, कुणी अडवत नाही. चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात, वर काहिलीत रस उकळत असतो. आधी मळी वर येते, हिरवट-करडी, ती भेंडीच्या चिकाच्या पाण्यानं गोळा करून काढून टाकतात. मग रस सोनेरी होतो आणि बुडबुडे मोठे व्हायला लागतात. गुळव्या एक शब्द बोलत नाही, नुसता बुडबुड्यांकडे बघत असतो. थेंब गार पाण्यात टाकून दोन बोटांत गोळी करून बघतो, आणि त्यानं मान हलवली की चौघं मिळून काहील वाफ्यात ओततात. तेव्हा उठणाऱ्या वाफेनं तुमचे केस, कपडे, सगळं गोड होतं. थोडी काकवी मागून घ्या, गरम असतानाच चपातीबरोबर.

दादा येताना डिकीत नारळ, कोकमं आणि सुके बांगडे घेऊन येतो. जाताना त्याच डिकीत गुळाचा रवा, म्हणजे ढेप, माझ्या हातची चटणी आणि वाडीची वांगी जातात. तिकडे शिरवाळ्यांच्या, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या, रसाला हाच गूळ लागतो, वहिनी दुसरा वापरतच नाही. गेल्या खेपेला घाट उतरून घरी पोचल्यावर त्याचा फोन आला. सगळे नीट पोचले, मुलं झोपली, एवढं सांगून झाल्यावर म्हणाला, "बाये, त्या किरणांची तारीख काय म्हणालंस?"

नोव्हेंबरची ९, १०, ११. चारपर्यंत गरुड मंडपात.